औशाच्या रस्त्याचा पडदा

रविवार, बावीस तारीख, सकाळी सव्वाअकरा. रक्कम रुपये अकरा हजार, पाचशेच्या बावीस नोटा. हजर माणसं तीन: तुमच्या नाटकमंडळाचे प्रमुख दाजी, तू ज्यांच्या पडवीत अठ्ठावीस वर्षं राहिलास त्या शालूकाकी, आणि मी. देवळापुढच्या मांडवात तुझा एक पडदा टांगलेला होता. मी नोटा दाजींच्या हातात दिल्या. त्यांनी त्या मोजल्यासुद्धा नाहीत. माझ्या शर्टाच्या खिशात परत घातल्या आणि म्हणाले, "देवाच्या मांडातलो पडदो इकूचो नसता, शेठ."

दस्तगीर, तू जाऊन त्या दिवशी अठरा दिवस झाले होते. तुझं समुद्रकाठचं गाव बघायला मी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा आलो, आणि आल्या आल्या तुझी वस्तू विकत मागितली. तू असतास तर म्हणाला असतास, "शरणार्थ आप्पा! बसा, पाणी प्या, मग सौदा करा." पण मी माझ्यासाठी मागत नव्हतो. मला हमीदानं पाठवलं होतं.

तुझी बहीण आता नांदेडच्या घरातून फारशी बाहेर पडत नाही. दोन्ही गुडघे गेलेत. तू गेल्याचं कळल्यावर तिसऱ्या दिवशी मी आपल्या औशाहून तिला भेटायला गेलो. रडून झालं होतं. ती रागावलेली होती. म्हणाली, "आप्पा, भाईजाननं सगळ्या दुनियेला रंगवून दिलं. माझ्या घरात त्याच्या हातची एक लकीर न्हाई. दर बकरीदला आला, कोकम दिलं, दोन दिवसांत पळाला. तुमी जा अन् त्याच्या हातचं काहीबी आणा. कागदाचा कपटा असला तरी चालंल."

मला वाटलं, हे सोपं काम आहे. चित्रकाराच्या खोलीत एखादं चित्र तर असेलच.

तुझ्या पडवीत एकही नव्हतं. बांबूला बांधलेले लांब दांड्याचे कुंचले होते, रंगाच्या पुड्यांचे डबे, सरस वितळवायची दोन भांडी, एक ट्रंक आणि नमाजाची जानिमाज. भिंतीवर कोळशानं महिन्यांची नावं लिहून प्रत्येकापुढं सरस किती, खडू किती, बुरशीवर मोरचूद किती, याची वजनं होती. मी ती भिंत पाऊण तास वाचली. श्रावणात सरस कमी, मोरचूद चिमूटभर जास्त. माघात उलट. खोडून खोडून पुन्हा लिहिलेलं. माझ्या दुकानातली वही एवढी चोख नाही.

ती भिंत वाचताना मला तुझा तो पहिला फोन आठवला. तेव्हा तू सव्वीस वर्षांचा होतास. फिरत्या नाटक कंपनीबरोबर औशाहून गेलास, कंपनी त्या किनाऱ्यावर बुडाली, मालक पळाला, आणि तू "चार महिने थांबतो, गावाला दोन पडदे पाहिजेत" असं कळवलंस. मग एके दिवशी दुकानातला फोन वाजला. "मन्मथ, लई वंगाळ झालं. दरबार जंगलाला चिकटला रे!"

मला काहीच कळेना. झालं होतं असं की सरसाचं प्रमाण तू आपल्याकडचं धरलंस. आपल्याकडं रंग लावून पाठ फिरवेपर्यंत वाळतो. तिथल्या ओल्या वाऱ्यात आठ दिवस झाले तरी तो चिकट राहिला. आणि तू ते दोन पडदे तोंडाला तोंड लावून गुंडाळले. नाटकाच्या दिवशी सोडायला गेलास तर अर्धं सिंहासन झाडांवर, आणि फांद्या राजाच्या छतावर. पाचशे माणूस हसायला लागलं. तू विंगेत डोकं धरून बसलास. तेव्हा राजाच्या कामाला दाजीच होते. मला त्यांनी परवा ते करून दाखवलं. मिशीवर हात फिरवून ते तसेच पुढं गेले आणि म्हणाले, "प्रधानजी, आज आम्ही दरबार जंगलातच भरवला आहे!" टाळ्या पडल्या. प्रयोग निभावला.

दुसरा कोणी असता तर त्याच आठवड्यात बस धरून परत आला असता. तू थांबलास, कारण तुला ते प्रमाण शोधून काढायचं होतं. दोन पावसाळे तू कापडाचे तुकडे रंगवून वळचणीला टांगलेस, रोज बोट लावून पाहिलंस, बुरशी कोणत्या दिवशी धरते ते लिहिलंस. पुढच्या सव्वीस वर्षांत तुझा एकही पडदा चिकटला नाही, एकाचाही रंग सुटला नाही. हे मला दाजींनी सांगितलं. तू कधी सांगितलं नव्हतंस.

तुझ्या कामातला माझा हिस्सा कापडापुरता. पडदा वीस फूट रुंद, बारा फूट उंच. चार फूट पन्ह्याचा मांजरपाट, वीस फुटांच्या तीन पट्ट्या, दुमड धरून एकोणीस मीटर. तू दर वेळी वीस मागायचास, एक मीटर रंग अजमावायला. मी म्हणायचो, पट्ट्या उभ्या शिव, शिलाई पक्की बसते. तू म्हणालास, "उभी शिवण नटाच्या डोक्यामागं येती, आप्पा. आडवी शिवण लपती. एक जमिनीत, एक आभाळात." कापडाच्या धंद्यात माझा जन्म गेला, पण शिवण चित्रात लपवता येते हे मला तू शिकवलंस. आजवर एकतीस पडद्यांचं कापड मी पाठवलं, सहाशे वीस मीटर. प्रत्येकाची लांबी-रुंदी मला तोंडपाठ. पाहिलेला एकही नव्हता.

तू दर वर्षी बोलावायचास. "जत्रेला ये. चार दिवसांनी दुकान काय बुडतंय?" मी हिशोब करायचो. औशाहून कोल्हापूर, तिथून घाट उतरून तालुक्याचं गाव, मग रिक्षा, मग खाडी ओलांडायला होडी. जायला सोळा तास, यायला सोळा. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. या कारणांपैकी एकही खोटं नव्हतं. सगळी मिळून मात्र खोटी होती, हे आता कळतं.

त्यापेक्षा मी तुलाच बोलावत राहिलो. तुला आठवत असेल, एकदा मी लातूरला तीन दिवसांसाठी हॉल ठरवला होता. म्हटलं, तुझे पाच-सहा पडदे लावू, खाली तुझं नाव घालू, लोकांना कळू दे आपल्या औशाचा माणूस काय करतो. तू सरळ नाही म्हणालास. मी विचारलं, का? तर म्हणे, "पडद्यापुढं माणूस उभा न्हाई तर त्यो पडदा अर्धाच ऱ्हातो." मी चिडलो. म्हटलं, असा कसा रे तू? नाव नको, पैसा नको, सही नको. तिथल्या लोकांचा समुद्र रंगवत बस जन्मभर. आपली काळी माती विसरलास. तू हसलास फक्त. म्हणालास, "बघायला ये की एकदा."

त्या वर्षी मी कापड पाठवलं, पण बरोबरची चिठ्ठी पाठवली नाही. वर्षभर बोललो नाही. तू मात्र ईदला औशाला येऊन माझ्या आईच्या पाया पडून गेलास. मी दुकानात होतो. दोनशे पावलांवर.

हा वाद तसाच राहिला. परवा त्याचा निकाल लागला, दस्तगीर, आणि तो माझ्या विरुद्ध लागला.

खोलीत काही सापडेना म्हणून मी काकींना विचारलं, कागदावर काढलेलं वगैरे? त्या म्हणाल्या, "कागद पेंटर खंय वापरी? त्यांचा सगळा पडद्यावर." तुझा तो एक मीटरचा तुकडासुद्धा तू काम झाल्यावर धुऊन काकींना पुसण्यासाठी द्यायचास. मग त्यांनी दाजींना बोलावलं. त्याच संध्याकाळी तुझ्या नावानं नाटक होतं. पलीकडच्या काठावरच्या लोकांना होडीनं परत जाता यावं म्हणून सहालाच सुरू करायचं होतं, आणि त्यासाठी पडदा टांगायचं काम चाललं होतं. दाजी म्हणाले, "येवा, दाखयतंय. हो आमचो वाटेचो पडदो. सोळा वर्सां झाली." नाटकात कोणी प्रवासाला निघालं की सोडायचा पडदा तो वाटेचा, एवढं मला ठाऊक होतं.

दोरी सुटली आणि पडदा खाली आला. मला वाटलं होतं माड असतील, लाल वाट असेल, मागं समुद्र असेल.

समोर औशाचा रस्ता होता.

सपाट काळं रान, नांगरून ठेवलेलं, ढेकळं उन्हात करडी पडलेली. डाव्या अंगाला बाभळी. लांबवर किल्ल्याची भिंत, दक्षिणेकडून दिसते तशी, मधेच खचलेली. रस्ता तुझ्या-माझ्या शाळेवरून वळतो तसा वळलेला. उजव्या कोपऱ्यात तुमचं धाब्याचं बुटकं घर, ज्याच्या गच्चीवर आपण ज्वारी राखायला बसायचो. दार उघडं, आणि चौकटीला हात लावून नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी. दोन वेण्या. हिरवी ओढणी. ती रस्त्याकडं बघत होती. तू शाळेतून येईपर्यंत हमीदा अशीच उभी राहायची, आणि आल्यावर तुझं दप्तर ओढून घ्यायची.

मी पुढं जाऊन शिवण शोधली. सवयच ती. खालची शिवण नांगरलेल्या तासात गेली होती. वरची शिवण बाभळीच्या शेंड्यांवर, आभाळ सुरू होतं तिथं. बोट लावल्याशिवाय कळत नव्हती.

मी दाजींना विचारलं, "हे कुठलं गाव आहे, ठाऊक आहे का?"

"खंयचाच नाय," ते म्हणाले. "हो मुलूख मनातलो, असा पेंटर सांगी."

"आणि समुद्र? समुद्राचा पडदा कुठं आहे?"

दाजी हसायला लागले. "समुद्र कित्याक? तो फुकट दिसता!"

सोळा वर्षं तिथला राम याच रस्त्यानं वनवासाला गेला. हरिश्चंद्र राज्य सोडून याच बाभळींखालून निघाला. नारद किल्ल्याच्या बाजूनं आला. ज्यांनी आयुष्यात घाट चढून वर पाहिलेलं नाही, त्या माणसांना आपला उन्हाळा, आपलं ढेकूळ ओळखीचं झालं होतं. आणि मी तुला म्हणालो होतो की तू विसरलास. तू तेव्हा एवढंच सांगितलं असतंस, की अरे, मी काढलाय आपला रस्ता, तर मी त्याच बसनं निघालो असतो. पण तुला सांगायचं नव्हतं, मी यावं असं हवं होतं. यावर मी तुझ्याशी भांडू शकलो असतो. आता तेही राहिलं.

तेव्हा मी ते अकरा हजार काढले. घरातून निघताना हमीदासाठी एखादं चित्र विकत घ्यावं लागलं तर म्हणून आणले होते. दाजींनी ते परत केले हे वर सांगितलं. मी वाढवून देतो म्हणालो, तर त्यांचा चेहरा बदलला. "शेठ, पैशाचा नाय. सांजेक राजा खंयसून जातलो? भिंतीतसून?"

शालूकाकी पुढं आल्या. त्यांनी विचारलं, "पडदो कोणाक होयो? तुमका?"

मी त्यांना हमीदाचं सांगितलं. गुडघ्यांचं, लकीर न्हाई म्हणाली त्याचं. मग पडद्यावरच्या मुलीकडं बोट दाखवून म्हटलं, ती हीच.

काकी पडद्यापाशी गेल्या. सोळा वर्षं पाहिलेल्या त्या मुलीकडं नव्यानं पाहिलं. दाजीही पाहत राहिले. मग काकी म्हणाल्या, "तिचा घर तिका कापून द्या."

"काकी!" दाजी म्हणाले.

"काकी काय? मागसून तुकडो लावया. आमका वाट व्हयी. घर तिचा आसा, तिका जावंदे. गप काय रवलंस रे दाजी?"

दाजींनी हातातली दोरी खांबाला बांधली. मग आत गेले आणि कपडेपटातली कात्री घेऊन आले. ती माझ्यापुढं धरून म्हणाले, "तुमी कापडवाले. तुमीच कापा. माझ्या हातान होवचा नाय."

मी टेप काढली. घर, दार आणि मुलगी मिळून अडीच फूट रुंद, तीन फूट उंच. खालच्या दोरीच्या दुमडीपासून वर मोजलं, तर घर दोन फुटांवर सुरू होऊन पाच फुटांवर संपत होतं. कापायचं तर खालची शिवण तोडावी लागत होती. पस्तीस वर्षं मी कापड कापतोय. किती कापलं याची मोजदाद नाही. पण त्या दिवशी कात्रीत अंगठा घातला आणि हात पुढं जाईना. तुझी परवानगी नव्हती, आणि विचारायला तू नव्हतास. परवानगी देऊ शकेल असं एकच माणूस उरलं होतं.

मी नांदेडला फोन लावला, चेहरा दिसतो तसा. हमीदाच्या मुलीनं उचलला आणि आईच्या हातात दिला. मी फोन पडद्याकडं फिरवला.

ती फोनवर वाकली. मग म्हणाली, "आप्पा, जवळ घ्या." मी गेलो. "आजून." मी दारापाशी नेला. "ओढणी हिरवीच व्हती. बराबर हाय." मग म्हणाली, "आमचा कोनाडा बी काढलाय की. दिवा ठेवायचा." तो मला दिसलाच नव्हता. घराच्या आतल्या अंधारात, बोटाएवढा.

मी म्हटलं, "हमीदा, हे लोक एवढा तुकडा तुला द्यायला तयार आहेत. कात्री माझ्या हातात आहे. कापू का?"

"कुठून कुठवर कापणार?"

मी बोटानं दाखवलं.

"मंग रस्ता?"

"रस्ता इथंच राहील. तुकड्यात घर तेवढं येईल."

"मंग ती पोरगी कुठं बघंल, आप्पा?"

मी बोट पडद्यावरून काढलं. दाजी आणि काकी फोनकडं पाहत उभे होते. हमीदा म्हणाली, "अठ्ठावीस वरीस मी म्हणत राहिले, भाईजान मला इसरला. अन् मी तर हितं रोज लोकांच्या म्होरं उभी हाय. नका कापू. राहू द्या तिथंच. तिथं माणसं येतेत-जातेत." मग तिनं डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "नाटक कवा हाय?"

"आज सहाला."

"फोन चालू ठेवा."

काकींनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि पदराखाली धरली, कोणाला पुन्हा मोह होऊ नये तशी. दाजी तोंड फिरवून बाहेर गेले.

दस्तगीर, त्या संध्याकाळी मी तुझा पडदा पुरा पाहिला. तू सांगितलं होतंस तसाच. सकाळी ते एक फार चांगलं चित्र होतं. दिवे लागले, दाजी मुकुट घालून, राणीचा हात धरून त्या रस्त्यावर आले, आणि ते चित्र राहिलं नाही. उन्हात रान तापल्यासारखं दिसायला लागलं. राजा थकलेला वाटला, कारण रस्ता लांब होता. दारातली मुलगी त्याच्याकडं बघत होती, आणि माझ्या शेजारची एक बाई आपल्या सुनेला हळूच म्हणाली, "ता चेडू बघ, पाणी देतला त्याका." लातूरच्या हॉलमध्ये हे दिसलं नसतं. तुझं बरोबर होतं, माझं चूक. हे तुझ्या तोंडावर कबूल करायचं राहून गेलं, म्हणून इथं लिहून देतोय.

तिथं नट चांगला रंगला की लोक पुढं येऊन बक्षीस देतात, आणि नाटक थांबवून ते जाहीर करतात. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, रक्कम. मग तो नट पुढं येतो, नोट कपाळाला लावतो, वाकून नमस्कार करतो आणि पुन्हा राजाचा राजा होतो. तीन-चार बक्षिसं झाली तेव्हा फोनमधून हमीदानं विचारलं, "हे काय चाललंय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग माझ्याकडून एकावन्न द्या. पडद्याला."

मी चिठ्ठी लिहून दाजींच्या हाती दिली. त्यांनी ती वाचली. माझ्याकडं पाहिलं, मागं वळून पडद्याकडं पाहिलं. मग माइकपुढं जाऊन नाटकातल्या भाषेत, स्वच्छ आवाजात म्हणाले, "नांदेडच्या हमीदा यांजकडून, वाटेचा पडदा रंगवणारे त्यांचे बंधू दस्तगीर पेंटर, औसा, यांना बक्षीस, रुपये एक्कावन्न."

टाळ्या झाल्या, आणि थांबल्या. पेटीवाल्यानं सूर धरला होता, त्याला दाजींनी हातानं थांबवलं. तू विंगेतून येऊन, नोट कपाळाला लावून, वाकून परत जायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ ते रंगमंचाच्या एका बाजूला सरकून उभे राहिले. मग त्यांनी मान लववली आणि नाटक पुढं सुरू झालं.

माझे अकरा हजार मी जसेच्या तसे परत आणले. दिले ते रुपये एक्कावन्न, हमीदाचे. ते तुझ्या वतीनं शालूकाकींनी घेतले.